काळीची खोड

मोटर विकायला काढली की ती धुऊनपुसून उभी करावी, एवढी अक्कल कोणालाही असते. उखर्डूनं त्या दिवशी जरा जास्तच केलं. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात बाईंच्या दारात तो सकाळी सातपासून काळीला पुसत होता. काचा झाल्या, दिवे झाले, पायरीची पितळी पट्टी झाली, आणि आता उजव्या मडगार्डवरचा पोचा असा घासत होता की जणू घासून पोचा निघतो. पोचा निघत नसतो. उखर्डूलाही ते ठाऊक होतं. पण हात रिकामा राहिला की मन नको तिकडं धावत होतं, म्हणून बापडा घासत होता.

काळी म्हणजे अडतीस साली मुंबईहून आलेली अमेरिकन मोटर. मालगुजार म्हणजे बाईंचे यजमान तेव्हा ऐन भरात होते. त्याआधी उखर्डू त्यांची दमणी हाकायचा; त्याचा बाप बैलबाजारातला दलाल, तेव्हा बैल त्याला जन्मापासूनचे ओळखीचे. मोटर आली तेव्हा मालकांनी त्याला दोन महिने खंडव्याला धाडून मोटर शिकवून आणली. मोटर शिकला, पण सवयी बैलाच्याच राहिल्या. पोळ्याला गोठ्यातली जनावरं रंगली की काळीच्या बोनेटवरही झूल पडायची आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरपुढं धरला जायचा. मालक पोट धरून हसायचे, पण त्यांनी कधी थांबवलं नाही. चढावर काळी दमली की उखर्डू तिला चुचकारायचा, आणि उतरणीवर "हो, हो" म्हणून दम द्यायचा. ती त्याचं ऐकते असं त्याला वाटे. खरं सांगायचं तर ऐकतही असावी, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती ती धड चालत नव्हती.

मग मालक गेले. वर्षाच्या आत सरकारच्या कायद्यानं मालगुजारी गेली. गोठा रिकामा झाला, माणसं एकेक करून पांगली, आणि मागं उरल्या मनकर्णाबाई, काळी आणि उखर्डू. आता बाईही निघाल्या होत्या. नागपूरला लेकीकडं, कमलकडं, कायमच्या. आणि नागपूर तर परवाच्या दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या राज्यात गेलेलं! कालपर्यंत जिथं आपले अर्ज जात होते, निकाल येत होते, ते गाव एका दिवसात परकं झालं आणि आपला कारभार भोपाळला गेला, हे उखर्डूच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. काळीच्या नंबराच्या पाटीवर अजून सी. पी., म्हणजे जुना मध्यप्रांत, लिहिलेलं होतं. तो सी. पी. आता कुठं शोधायचा, ते ती पाटी लिहिणाऱ्यालाच माहीत.

लेकीच्या सरकारी घराला सायकल ठेवण्याएवढीही जागा नव्हती. म्हणून काळी विकायची होती. बाईंनी अट एकच घातली होती: मोटर घेईल त्यानं उखर्डूलाही ठेवून घ्यायचं. बुधवाऱ्यातला एक कापडवाला महिन्यापूर्वी येऊन गेला. मोटर हवी, माणूस नको, म्हणाला. बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण आता बाईंचं तिकीट निघालं होतं, सोमवारच्या गाडीचं, आणि आज गुरुवार. आज जो येणार होता त्यानं नाही म्हटलं तर काळी मिळेल त्या भावात बुधवाऱ्यात जाणार आणि उखर्डू लोधीपुऱ्यातल्या आपल्या घरी जाऊन बसणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं कोण ठेवतो? आणि ठेवलं तरी त्याला दुसरं येत काय होतं?

इथपर्यंत सगळ्या जगाला माहीत होतं. पुढचं फक्त त्याच्या बायकोला, मालूबाईला माहीत होतं. उखर्डूचा उजवा डोळा गेला होता. दोन वर्षं झाली. आधी धुकं आलं, मग धुकं दाट झालं, आता त्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. डावा चांगला होता. बऱ्हाणपुरातले रस्ते पाठ होते, तेव्हा कामही भागत होतं. एकदाच चुकला. एकटाच होता, फाटकातून मोटर आत घेताना उजव्या खांबावर घातली. बाईंना सांगितलं, बैलगाडीचा धुरा लागला. बाई "बरं" म्हणाल्या आणि विषय संपला.

आदल्या दिवशी मालूबाईनं त्याला बजावलं होतं, आपण होऊन सांगत बसू नको. कोणी विचारलं तर सांगशील, पण डोळ्याचं विचारायला बसलंय कोण? तिचं म्हणणं उखर्डूला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

नऊच्या सुमाराला टांगा आला. टांग्यातून आधी भाईदास पाटील उतरले आणि मागून त्यांचा मुलगा नंदकुमार. पाटील तापीपलीकडचे केळीवाले. गेली तीन वर्षं केळी अशी पिकली की स्टेशनावरून त्यांचा माल वॅगन भरभरून दिल्लीला जायचा. पण त्यांचं खरं नाव होतं ते बैलाच्या पारखीत. बाजारात पाटील जनावराजवळ उभे राहिले की दलाल आवाज खाली आणत. नंदकुमार इंदूरला कॉलेज करून आलेला, पँट घालणारा, निम्मं हिंदीत बोलणारा. त्याला नवी मोटर हवी होती आणि ते त्यानं टांग्यातून उतरण्याआधीच सगळ्या राजपुऱ्याला ऐकवलं. सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची उतरन, नाना. लोग क्या कहेंगे, पाटलानं मालगुजाराची उतरन घातली?

 बाई दारातल्या खुर्चीवर येऊन बसल्या, त्यांना पाटलांनी वाकून नमस्कार केला आणि मग इंदूरची हकीकत आपणच सांगितली. मागच्या आठवड्यात बापलेक तिथं नवी मोटर पाहून आले होते. मोठी काचेची खोली, आत मोटर पाटावर बसवलेल्या नवरीसारखी. सरबत दिलं, रंगीत पुस्तक दिलं. किंमत अकरा हजार, आणि नंबर लावला की सहा महिन्यांनी मिळणार. पाटलांनी भाव करायला खांद्यावरचं उपरणं काढलं, तर तो टायवाला हसायलाच लागला. त्यांचा भाव छापलेला असतो म्हणे. उपरणं पुन्हा खांद्यावर गेलं. मग पाटलांनी त्याला विचारलं, हिची खोड काय? तो म्हणाला, नव्या मोटरीत खोड नसतेच.

हे सांगताना नंदकुमारचं तोंड कडू झालं होतं. त्या काचेच्या खोलीत त्याची मान खाली गेली होती, ती अजून पुरती वर आली नव्हती. मोटर म्हणजे बैल नव्हे, असं तो पुटपुटला. त्याचंही खरंच होतं.

पण बाप कसला ऐकतो! पाटलांनी काळीला तीन फेऱ्या घातल्या. चारी टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, जसे खूर पाहावेत. बोनेट उघडायला लावून आत वाकून नाकानं वास घेतला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि आवाज ऐकत राहिले. नंदकुमार दुसऱ्या बाजूनं फिरत होता. त्याला पोचा दिसला. दिसणारच. त्यानं विचारलं, हे काय?

"बैलगाडीचा धुरा लागला," उखर्डू म्हणाला.

जिभेवर तयारच होतं ते. बोलून झाल्यावर त्यानं स्वतःची समजूत घातली की पोच्याचं विचारलं होतं, डोळ्याचं नाही. मनाला काय, ते लबाड असतं, हवा तो हिशोब जुळवून देतं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्याकडं मात्र त्यानं पाहिलं नाही.

मग मोटर चालवून दाखवायची वेळ आली. नंदकुमार मागं बसला, पाटील पुढं उखर्डूच्या डाव्या हाताला. काळी एका हँडलात सुरू झाली. उखर्डूनं तिला मनातल्या मनात हात जोडले. राजपुऱ्याच्या रस्त्यावर सकाळची वर्दळ होती, पण तो सावकाश, सफाईनं नेत होता. वेस आली. वेशीची गंमत त्याला पूर्वीपासून माहीत होती. मोटर तिच्या दगडांजवळ गेली की इंजिनाचा आवाज परत येतो, आणि तो कोणत्या बाजूनं जास्त येतो यावरून अंतर कळतं. दोन वर्षं तो उजवी भिंत कानानंच पाहत होता. तरी सवयीनं त्यानं मान पुरती उजवीकडं वळवली, डाव्या डोळ्यानं भिंत न्याहाळली, आणि काळी मधोमध बाहेर निघाली. पुढं उजव्या बाजूनं हातगाडी आली तेव्हा पुन्हा मान वळवली. परतताना पुन्हा. धक्का नाही, खरचटणं नाही. नंदकुमारसुद्धा मागून म्हणाला, इंजिन तो बढ़िया है.

पाटलांचं लक्ष मात्र इंजिनाकडं नव्हतं.

परत आल्यावर बाईंनी चहा पाठवला. चहा झाला आणि सौद्याची वेळ आली. आता बाईमाणूस काही परपुरुषाशी उपरण्याखाली हात घालणार नाही, आणि घरात दुसरं कोणी नाही. बाईंनी उखर्डूला आधीच सांगून ठेवलं होतं: साडेचार हजारांपासून सुरू कर, चार हजारांच्या खाली उतरू नकोस. या पैशांवरच त्यांचं नागपुरातलं म्हातारपण निघायचं होतं. लेकीच्या घरी राहायचं तरी जावयाच्या तोंडाकडं पाहायची पाळी त्यांना नको होती. एवढ्या भरवशानं त्यांनी ते उखर्डूच्या हाती सोपवलं होतं की त्याला अन्न गोड लागेना.

पाटलांनी उपरणं उलगडून दोघांच्या हातांवर टाकलं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात तोंडानं भाव बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं तितके हजार, पुन्हा धरली की तितके शेकडे, सगळा पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी राहिली तरी भाव दोघांतच राहतो. आणि या कामाला डोळे लागत नाहीत. उखर्डूची बोटं बापाच्या हाताखाली तयार झालेली होती. कित्येक महिन्यांनी त्याला वाटलं की आपण पुरते धडधाकट आहोत.

त्यानं चार बोटं धरली, मग पंजा. पाटलांनी तीन धरली, मग पंजा. उखर्डूनं मान हलवली. इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं, केळीचा भाव, वॅगनची टंचाई, भोपाळला गेलेले कागद, आणि कापडाखाली हजार-शेकडे पुढंमागं सरकत होते. नंदकुमार बाजूला उभा राहून कंटाळला होता. शेवटी पाटलांची चार बोटं आली, आणि त्यावर दोन. चार हजार दोनशे. उखर्डूनं हात दाबला. जमलं होतं. बाईंच्या मनातल्यापेक्षा दोनशे वरच, आणि अटीप्रमाणं आपणही काळीसोबत. आता मालूबाईला जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं.

पण पाटलांनी उपरणं उचललं नाही.

"उखर्डूभाऊ," ते म्हणाले, "तू बाजारातला मानूस. सौदा बांधायच्या आधीचं तुले ठाऊक हाये. हात ठेव हिच्या पाठीवर, आनि खोड सांग."

नंदकुमारनं कपाळाला हात लावला. उखर्डूला मात्र ते ठाऊक होतं.  बैल विकताना घेणारा असं म्हणाला की जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याचा काय तो दोष सांगावाच लागतो. मारकुटा असेल तर मारकुटा, बसका असेल तर बसका. भाव करताना हवं तेवढं खोटं चालतं, त्यात कोणी पाप मानत नाही. पण पाठीवर हात ठेवून खोटं बोललेल्या माणसाचं उपरणं बाजारात पुन्हा कोणी धरत नाही. त्याचा बाप जन्मभर एवढ्याच एका गोष्टीवर पोट भरून गेला होता.

तो उठला. काळीच्या बोनेटवर त्यानं तळहात टेकला. पत्रा अजून गरम होता.

हॉर्न पावसात घोगरा होतो, तो म्हणाला. दुसरा गिअर हिवाळ्यात रुसतो, जरा चुचकारावं लागतं. उन्हाळ्यात पाणी फार पिते, आसीरगडच्या रस्त्याला दोन डबे सोबत हवेत. एवढं सांगून तो थांबला. पाटील मान डोलवत ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून?"

म्हणता आलं असतं, एवढंच. कोणी काय पकडणार होतं? सोमवारी बाई गाडीत बसल्या असत्या, आणि तो नदीपलीकडं पाटलांच्या अंगणात काळी पुसत बसला असता. उखर्डूला हे सगळं दिसलं, अगदी लख्ख दिसलं. आणि मग या पोराला शेजारी बसवून, उद्या कदाचित याच्या लेकराबाळांना घेऊन, आपण तापीच्या पुलावरून जातो आहोत आणि उजवीकडून काहीतरी येतं आहे, हेही दिसलं. हाताखालचा पत्रा त्याला एकदम जिवंत वाटला.

"हिच्यात नही," तो म्हणाला. "खोड माझ्यात हाये. उजवा डोळा गेला माझा. दोन वरीस झाले. तो पोचा धुऱ्याचा नही, पाटील. मीच घातली हिले खांबावर."

 मग नंदकुमार बोलला आणि बराच वेळ बोलला. त्याचा मुद्दा साधा होता: म्हणजे आत्ता आपण एका डोळ्यानं वेशीतून जाऊन आलो? नाना, चला, नवी गाडी बुक करू. उखर्डूनं मान खाली घातली होती. बाईंकडं पाहायची त्याची छाती होत नव्हती. त्यांच्यासमोर त्यानं दोन वर्षांचं खोटं असं उघडं करून टाकलं होतं.

 उपरणं तसंच पाटलांच्या मांडीवर होतं. त्यांनी हात पुढं केला. उखर्डू येऊन बसला आणि यंत्रासारखा त्यानं हात कापडाखाली घातला. पाटलांनी तीन बोटं धरली. मग पंजा, आणि वर एक. तीन हजार सहाशे.

बाजाराच्या रीतीनं ते बरोबरच होतं. जोडी घेताना एका बैलात खोड निघाली की भाव दोघांचा उतरतो. आणि पाटील काही धर्मात्मा नव्हते. सहाशे सुटत असतील तर ते सोडणारे नव्हते. पण उखर्डूचा जीव कासावीस झाला. आपला डोळा गेला ते आपलं नशीब. त्याचे सहाशे रुपये बाईंनी का भरायचे? वीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या म्हातारपणातून आपण सहाशे काढून घ्यायचे?

त्यानं पाटलांची बोटं सोडली.

"पाटील, जोडी फोडा," तो म्हणाला. "मोटर एकटी घ्या, ठरल्या भावानं. तिच्यात काही खोट नही. मी येत नही सोबत."

"मंग तू?"

"माझं मी पाहीन."

खुर्चीवर बाई जरा पुढं सरकल्या. पाटील त्याच्याकडं पाहत बसले. बैलाकडं पाहतात तसं नव्हे. बैलाकडं ते इतका वेळ कधी पाहत नसत. मग त्यांनी कापडाखाली पुन्हा त्याचा हात शोधला. चार बोटं धरली. मग दोन. चार हजार दोनशे. उखर्डूनं सुटकेचा श्वास टाकला आणि हात काढायला लागला, तर पाटलांनी तो घट्ट धरून ठेवला आणि पुन्हा चार बोटं दाबली.

उखर्डूला कळेना. हे काय हजारात, का शेकड्यात? त्यानं तसं विचारलं.

"दहावाले," पाटील म्हणाले. "दर महिन्याले."

महिन्याला चाळीस! बाई त्याला तीस देत होत्या.  पाटलांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले, बरंचसं मुलाला उद्देशून. स्टेरिंगला हात लावायचा नाही, हे त्यांनी उखर्डूला आधी बजावलं. डॉक्टरकडं जाऊन डोळ्यातला मोतीबिंदू कापून घे, त्यानंतर पाहू. तोवर नंदूला शिकव. त्याला मित्राच्या जीपवर थोडंफार हाकता येतं, पण हिची नाडी त्याला माहीत नाही. मग ते जरा थांबले.

"खोड मले वेशीतच समजली होती," ते म्हणाले. "एका डोळ्याचा काना बैल अशीच मान घेतो. तू सांगतो का नही, तेवढंच पाहायचं होतं. इंदूरवाल्यानं सांगितलं, नव्या मोटरीत खोडच नही. खोड नही असं नही, ती अजून कोनाले माहीत नही. अकरा हजार देऊन मीच ती शोधत बसू का?"

नंदकुमारला हे पटलं असं काही त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. पण सहा महिने थांबण्यापेक्षा आजच्या आज मोटर हाकत घरी जायचं, हे कुठंतरी त्याच्या मनात शिरलं असावं. त्यानं चावी मागून घेतली आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला, आरसा नीट करायला लागला.

पाटलांनी इसाराचे एकशे एक रुपये बाईंच्या पुढं ठेवले, बाकीचे रविवारी. निघता निघता ते थबकले. "दावं राहिलं बाई," ते म्हणाले. "दावं ठेवून घ्या."

जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. ते विकणाऱ्याच्या घरी राहतं. घेणारा आपलं दावं आणतो. नाहीतर गोठ्याची लक्ष्मी जनावरामागं निघून जाते, असं मानतात. पण मोटरीला दावं कुठून आणायचं? नंदकुमार चावी मुठीत धरून बसला, ती काही तो देणार नव्हता. पाटलांनी विचार केला आणि म्हणाले, हँडल. नंदकुमार मागं वळून ओरडला की हँडलशिवाय ही पुढच्या वेळी सुरू कशी करायची? पाटील म्हणाले, आता चालू करून घे, उद्या लोहाराकडून दुसरं घडवू. पोरानं हात जोडले आणि पुन्हा आरशाकडं वळला.

उखर्डूनं शेवटचं हँडल मारलं. काळी सुरू झाली. मग ते लोखंडी, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं हँडल घेऊन तो बाईंकडं गेला. आता नागपूरला जाणाऱ्या माणसानं एवढं लोखंड ट्रंकेत कुठं ठेवायचं? पण बाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला आणि त्यात ते घेतलं.

पाटील मोटरीकडं गेले होते. इंजिनाच्या आवाजात इकडचं तिकडं ऐकू जाणार नव्हतं. उखर्डू खालच्या मानेनं म्हणाला, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. धुऱ्याचं."

"ठाऊक आहे मला."

"कवापासून?"

"दोन वर्षं मी मागं बसते आहे, उखर्डू. तुझी मान पाहते आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, चांगल्यातही आणि गेलेल्यातही. या दोन वर्षांत त्यानं त्यांना कुठंकुठं नेलं होतं. बाजाराला, दवाखान्याला, भर पावसात तापीच्या घाटावर. प्रत्येक वेळी त्या मागं बसल्या होत्या, सगळं माहीत असून.

"मंग बसत काहून होत्या, बाई? टांगा सांगता आला असता."

बाई पदरातल्या हँडलाकडं पाहत होत्या.

"टांगा सांगितला असता, तर तुला कळलं नसतं का?"

 त्यानं वाकून नमस्कार केला. चालत मोटरीकडं आला, वीस वर्षांच्या सवयीनं उजव्या दाराला हात घातला, आत नंदकुमारला पाहिलं आणि वळसा घालून डावीकडं जाऊन बसला. पाटील मागं बसले होते. नंदकुमारनं गिअर टाकला, काळी जरा रुसली, उखर्डूनं तिला चुचकारलं आणि ती निघाली.

वळणापर्यंत बाई दारात उभ्या होत्या. वळून एकदा पाहावं असं त्याच्या फार मनात आलं. पण तिथवर त्यानं मान अगदी ताठ ठेवली, समोर रस्त्यावर, कारण बाई मागून पाहत होत्या.